पिवळी फुली : अणुकचऱ्याची गाडी अडवणारी गावं

दोन लाकडी फळ्या घ्यायच्या, एकमेकींवर तिरक्या ठोकायच्या आणि वरून पिवळा रंग मारायचा. झाली फुली.

उत्तर जर्मनीत एल्बे नदीच्या काठी वेंडलांड नावाचा भाग आहे. बटाट्याची शेती, पाइनची जंगलं, लहान लहान गावं. तिथे ही पिवळी फुली गोठ्याच्या भिंतीवर दिसते, बांधावर दिसते, अंगणात रोवलेली दिसते. अर्थ एकच : अणुकचरा इथे नको. आणि ज्या दिवशी कचऱ्याची गाडी यायची, त्या दिवसाला तिथले लोक ‘फुलीचा दिवस’च म्हणायचे.

आज मला या फुलीबद्दल बोलायचंय, कारण तिचा एक धागा थेट आपल्या राजापूर तालुक्यात येऊन पोचतो.

22 फेब्रुवारी 1977. लोअर सॅक्सनी राज्याचे मुख्यमंत्री एर्न्स्ट आल्ब्रेख्ट यांनी जाहीर केलं की देशाचं अणुकचरा केंद्र गोर्लेबेन या गावाजवळ होणार. तिथे जमिनीखाली मिठाचा प्रचंड थर आहे, त्यात कचरा गाडायचा आणि वर वापरलेल्या अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेचा कारखाना उभारायचा. गोर्लेबेन का? मिठाचे थर इतरत्रही होते. पण हा भाग पूर्व जर्मनीच्या सीमेत घुसलेला, तीन बाजूंनी कुंपण. माणसं कमी, पैसा कमी, कारखाने जवळजवळ नाहीतच. इथले शेतकरी काय बोलणार, असा हिशोब असावा, असं तिथली माणसं आजही म्हणतात. मला ते पटतं.

शेतकरी बोलले. मार्च 1979 मध्ये त्यांनी ट्रॅक्टर काढले आणि राज्याची राजधानी हॅनोवरच्या दिशेने निघाले. आठवडाभराचा प्रवास. ते वाटेत असतानाच, 28 मार्चला, अमेरिकेत थ्री माईल आयलंडच्या अणुभट्टीत अपघात झाल्याची बातमी आली. 31 मार्चला हॅनोवरमध्ये लाखभर माणूस जमला. मे महिन्यात आल्ब्रेख्ट यांना सांगावं लागलं की पुनर्प्रक्रियेचा कारखाना राजकीयदृष्ट्या शक्य नाही. त्यांचा पक्ष अणुऊर्जेच्या बाजूचा होता, हे लक्षात घ्या.

कारखाना गेला. पण मिठाची खाण खोदणं चालूच राहिलं आणि शेजारी कचरा साठवायची एक मोठी शेड उभी राहिली. या शेडमध्ये जे येणार होतं, त्यावरून पुढची लढाई झाली.

(पिंपाचं चित्र दाखवा)

हे बघा, याला म्हणतात कॅस्टर. सहा मीटर लांब, शंभर टनांहून जड, ओतीव लोखंडाचं पीप. आत काय असतं? जर्मनीच्या भट्ट्यांमधलं वापरलेलं इंधन फ्रान्सला, नॉर्मंडीतल्या ला हाग इथे जायचं. तिथे ते आम्लात विरघळवून युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळं काढतात. उरतो तो सगळ्यात जहाल द्रव. तो वितळलेल्या काचेत मिसळून पोलादी डब्यांत ओततात. असे 28 डबे एका पिंपात. तो कचरा इतका उष्ण असतो की पीप बाहेरूनही गरम राहतं. आणि करारानुसार हा कचरा जर्मनीने परत न्यायचा.

म्हणजे मालगाडी. फ्रान्समधून साधारण 1,200 किलोमीटर. शेवटचं रेल्वे स्टेशन डानेनबेर्ग. तिथे क्रेनने एकेक पीप ट्रेलरवर चढवायचं आणि उरलेले 20 किलोमीटर रस्त्याने न्यायचं.

पहिलं पीप एप्रिल 1995 मध्ये आलं, तेही जर्मनीतूनच. मार्च 1997 मध्ये सहा पिंपं आली आणि बंदोबस्ताला सुमारे 30,000 पोलीस होते. एका पिंपामागे पाच हजार! लोक रस्त्यावर गोणपाटात पेंढा भरून त्यावर बसले होते. मार्च महिना, रात्रीची थंडी. आजूबाजूच्या गावांतले लोक गरम सूप घेऊन येत होते, अनोळखी माणसांना धान्याच्या कोठारात झोपायला जागा देत होते. आपल्याकडे वारीला गावं जशी उभी राहतात ना, तसंच.

मग मे 1998. उघड झालं की अशा वाहतुकीतल्या पिंपांच्या बाहेरच्या पृष्ठभागावर ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त किरणोत्सार सापडत होता, आणि कंपन्यांना ते आधीपासून माहीत होतं. पर्यावरणमंत्री होत्या अँगेला मर्केल. त्यांना वाहतूक थांबवावी लागली. पिंपांजवळ तासन् तास उभ्या राहिलेल्या पोलिसांनाही राग आला, आणि तो साहजिकच होता.

2001 मध्ये गाड्या पुन्हा सुरू झाल्या. तेव्हा काही जणांनी रुळांखाली काँक्रीटमध्ये हात अडकवून घेतले. त्यात 16 वर्षांची एक मुलगी होती. काँक्रीट फोडेपर्यंत कचऱ्याची गाडी मागे न्यावी लागली. नोव्हेंबर 2004 मध्ये फ्रान्समध्ये अशाच गाडीखाली सापडून एक तरुण आंदोलक गेला. ही किंमतही सांगायलाच हवी. 2010 मध्ये डानेनबेर्गच्या शेतात, आयोजकांच्या मते, 50,000 लोक जमले. एका ठिकाणी तर मेंढपाळांनी शेळ्यामेंढ्यांचा अख्खा कळपच रस्त्यावर आणून उभा केला. 2011 च्या शेवटच्या गाडीला 126 तास लागले. सव्वापाच दिवस!

आता तुम्ही विचाराल, कचरा तर तयार झालाच आहे, मग गाडी अडवून काय मिळालं?

मला विचाराल तर, बिल उघडं पडलं. सबसिडी म्हटलं की आपल्याला गॅस सिलिंडर आठवतो, खताची गोणी आठवते. अणुऊर्जेची सबसिडी अशी दिसत नाही. ती विजेच्या बिलात नसते. रुळांवरच्या हजारो पोलिसांचा पगार कोण देतं? राज्याची तिजोरी. एका फेरीला कोट्यवधी युरो. आणि कचरा हजारो, लाखो वर्षं सांभाळायचा खर्च? जुलै 2017 मध्ये जर्मन वीजकंपन्यांनी 24.1 अब्ज युरो सरकारी निधीत भरले आणि त्या मोकळ्या झाल्या. पैसे कमी पडले तर भार करदात्यांवर. नफा होता तेव्हा तो भागधारकांचा होता. मला ही गोष्ट मनापासून अन्यायाची वाटते.

अपघाताच्या विम्याचंही तेच. फुकुशिमाच्या अपघाताचा खर्च जपान सरकारने 2016 मध्ये 21.5 लाख कोटी येन धरला. तेव्हाच्या दराने बारा लाख कोटी रुपयांच्या वर. आपल्या 2010 च्या अणुदायित्व कायद्याने प्रकल्प चालवणाऱ्याची जबाबदारी किती ठेवली होती? 1,500 कोटी. बाकीचं कुणाच्या डोक्यावर, ते तुमचं तुम्ही ओळखा.

आणि इथेच तो धागा येतो. ला हागचा कारखाना चालवणारी फ्रेंच कंपनी होती अरेवा. तीच अरेवा राजापूर तालुक्यात जैतापूरला सहा अणुभट्ट्या देणार होती, एकूण 9,900 मेगावॉट. माडबनच्या कातळावर, साखरी नाट्याच्या मच्छीमारांच्या शेजारी. एप्रिल 2011 मध्ये नाट्यात पोलिसांच्या गोळीबारात एका मच्छीमाराचा जीव गेला. पुढे अरेवाच डबघाईला आली, फ्रेंच सरकारने 2017 मध्ये तिच्यात अब्जावधी युरो ओतले आणि भट्ट्यांचा धंदा सरकारी वीजकंपनी ईडीएफकडे गेला. जैतापूरसाठी सुचवलेल्या जातीची भट्टी फ्रान्सने स्वतः फ्लामानव्हिलला 2007 मध्ये बांधायला घेतली. खर्च धरला होता 3.3 अब्ज युरो. झाला 13 अब्जांच्या पुढे, आणि वीज आली डिसेंबर 2024 मध्ये.

कोळशाचं काय, असं कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच, आणि प्रश्न रास्त आहे. जर्मनीने शेवटच्या तीन भट्ट्या 15 एप्रिल 2023 ला बंद केल्या तेव्हा कोळसा जळतच होता. आधी कोळसा बंद करायला हवा होता, असं मलाही वाटतं. चंद्रपूरची राख ज्यांनी पाहिली आहे त्यांना कोळशाचं कौतुक कुणी सांगू नये. पण म्हणून अणुविजेचा हिशोब अर्धाच मांडायचा का? माडबनच्या माणसाने ‘कचऱ्याचं काय करणार?’ असं विचारलं तर त्याला विकासविरोधी म्हणायचं का?

28 सप्टेंबर 2020 ला जर्मनीच्या सरकारी यंत्रणेने देशभरातल्या संभाव्य जागांची यादी काढली. गोर्लेबेन त्यात नव्हतं. कारण भूगर्भाचं : तिथल्या मिठावरचं आवरण पुरेसं भरवशाचं नाही. ट्रॅक्टर काढणारे शेतकरी ‘ही जागा नको’ हेच 43 वर्षं सांगत होते.

खाण आता बुजवली जातेय. पण जंगलातल्या त्या शेडमध्ये 113 पिंपं अजून उभी आहेत. शेडचा परवाना 2034 ला संपतो, आणि कचरा कायमचा गाडायची जागा जर्मनीला तोवर सापडलेली नसेल. त्या जंगलात लाकडी क्रूस रोवलेत. 1989 पासून दर रविवारी दुपारी दोन वाजता काही माणसं तिथे प्रार्थनेला जमतात. गाड्या थांबल्या, तरी ती येतातच.