स्की सुटायलाच हवी

परदेशात पहिल्यांदा बर्फावर जाणारी मंडळी व्हिसा, तिकिटं, गरम कपडे यांत महिनाभर गुंतलेली असतात, आणि स्की भाड्यानं घेताना मात्र पाच मिनिटांत दुकानाबाहेर पडतात. मला आज त्या पाच मिनिटांपासूनच सुरुवात करायची आहे, कारण पाय वाचणार की मोडणार हे बऱ्याचदा तिथेच ठरतं.

बूट ज्या यंत्रणेनं स्कीला जखडला जातो तिला बाइंडिंग म्हणतात. पाय पकडून ठेवणं हे तिचं निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे पडताना वेळेवर सोडणं. पाय पिळला गेला की चवड्याकडचा भाग बाजूला सोडतो, शरीर पुढे फेकलं गेलं की टाचेकडचा भाग वर सोडतो. किती जोर आल्यावर सोडायचं, तो आकडा पुढच्या-मागच्या दोन्ही भागांवर छोट्या खिडकीत दिसतो. त्याला डिन म्हणतात. तो पाच गोष्टींवरून काढतात: वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची मिलिमीटरमधली लांबी आणि तुमची स्की करण्याची पद्धत. सावध, मध्यम की आक्रमक, असे तीन प्रकार असतात. दहाच्या आतली मुलं आणि पन्नाशी गाठलेले यांच्यासाठी आकडा एक पायरी खाली घेतात.

म्हणून दुकानात लाजू नका. वजन कमी सांगितलं तर स्की भलत्या वेळी निसटेल. वजन वाढवून सांगितलं किंवा नवखे असून ‘मला येतं’ म्हणालात, तर ती सुटायला हवी तेव्हा सुटणार नाही आणि सगळा पीळ नडगीवर, गुडघ्यावर येईल. सोबत्याशी स्की बदलून घेऊ नका. आकडा त्याच्या पायाचा असतो. बुटाखाली बर्फाचा गोळा चिकटला असेल तर बाइंडिंग नीट बसत नाही, तेव्हा प्रत्येक वेळी पाय घालण्याआधी तळवा घासून घ्या.

बुटात एकच पातळ, लांब मोजा घाला. दोन घातले की रक्तपुरवठा आवळला जातो आणि पाय उलट अधिक गार पडतात. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबली की ती मागे सरकावीत. टाच उचलली जात असेल तर दुसरा बूट मागा.

बाइंडिंग सगळ्यातून वाचवत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. मागे बसल्यासारखं पडताना खालच्या बाजूची स्की आतल्या कडेवर वळते आणि गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटतो. बाइंडिंगला तो पीळ अनेकदा जाणवतच नाही. तोल मागे गेलाच तर हात पुढे आणा, पाय जवळ ठेवा, आणि घसरणं पूर्ण थांबेपर्यंत उठायची धडपड करू नका. स्नोबोर्डचं बाइंडिंग तर पडताना सुटतच नाही. तिथे गुडघ्यापेक्षा मनगटं जास्त मोडतात, कारण माणूस तळहात टेकवतो. मनगटाचे गार्ड घाला, मुठी मिटा आणि शक्यतो कोपरापासूनच्या हातावर पडा.

खुर्चीच्या लिफ्टमध्येही हाच विचार करा: काय सुटं असायला हवं? पाठपिशवी काढून मांडीवर घ्या. तिचा लोंबता पट्टा खुर्चीत अडकला तर उतरायच्या जागी माणूस खुर्चीबरोबर ओढला जातो. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढा, बसल्याबरोबर खुर्चीचा सुरक्षा-दांडा खाली ओढा, उतरताना स्कीची टोकं वर ठेवा.

उतारांच्या रंगांनी गोंधळ होतो. युरोपात निळा उतार सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. उत्तर अमेरिकेत सोपा असतो हिरवा. तिथला निळा चौकोन मध्यम उताराचा. जपानमध्ये हिरव्यानंतर थेट लाल येतो. शिवाय ही प्रतवारी त्या-त्या डोंगरापुरती असते, तेव्हा नव्या ठिकाणी पहिली फेरी एक रंग खालीच करा. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाचे दहा नियम बहुतेक ठिकाणी लागू धरले जातात. त्यातला गाभा असा: पुढच्याला, म्हणजे खालच्याला, वाचवणं ही मागून येणाऱ्याची जबाबदारी. निघताना वर बघा, थांबताना कडेला थांबा, चढाच्या आड कधीच नको.

आखलेल्या उताराबाहेरची भुसभुशीत शुभ्रता फार मोह घालते. हिमस्खलनाचा धोका १ ते ५ अशा आकड्यांत रोज जाहीर होतो. ३ म्हणजे ‘मधला, चालेल’ असं समजू नका. कितीतरी मृत्यू ३ च्या दिवशीच होतात. बाहेर जायचं तर प्रत्येकाजवळ ४५७ किलोहर्ट्झचा बीकन (गाडलेल्याचा माग देणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं हवं, आणि ते वापरण्याचा सराव हवा. गाडल्या गेलेल्या माणसाच्या हातात पहिली दहा-पंधरा मिनिटंच असतात, तेवढ्यात सोबतीच पोहोचू शकतात. खोल बर्फात झाडांच्या बुंध्याभोवती पोकळी असते. तिच्यात डोकं खाली होऊन पडलेल्याला स्वतःहून निघता येत नाही. तिथे एकटं जाऊ नका, जोडीदार नजरेत ठेवा.

विमा घेताना चार शब्द शोधा: हिवाळी खेळ, उताराबाहेर, हेलिकॉप्टरसह बचाव, तिसऱ्या व्यक्तीचं नुकसान. इटलीत हा शेवटचा विमा २०२२ पासून सक्तीचा आहे, आणि नोव्हेंबर २०२५ पासून हेल्मेटही सर्व वयांना.

उतार बंद झाल्यावर वर थांबू नका, मग सूर्यास्त कितीही सुंदर असो. बर्फ सारखा करणारी यंत्रं तीव्र उतारावर पोलादी दोराच्या आधारानं चढतात. दोर शेकडो मीटर लांब, ताणलेला आणि अंधारात न दिसणारा असतो. तो अचानक उसळतो.

कुणी पडलंच, तर त्याच्या वरच्या बाजूला थोड्या अंतरावर दोन स्की फुलीसारख्या रोवा. हेल्मेट काढू नका, मान हलवू नका, अंगाखाली-अंगावर जाकिटं घाला. कडेच्या खांबावरचा आकडा आणि उताराचं नाव वाचा. बचावपथक त्यावरूनच पोहोचतं. पथकाचा क्रमांक नकाशावर असतो, तो सकाळीच फोनमध्ये टाका. युरोपात ११२ चालतो. हेलिकॉप्टर आलं तर दोन्ही हात वर करून इंग्रजी वायसारखे उभे राहा: मदत हवी. एक हात वर आणि एक खाली म्हणजे नको.