अ‍ॅव्होकाडो: मिक्सरच्या आधी

(दृश्य: फांदीला लटकलेली फळं, खालून घेतलेलं)

हे फळ झाडावर पिकत नाही. महिनोन्‌महिने फांदीला लटकून राहतं, आत तेल भरत जातं, पण मऊ काही पडत नाही. देठ तुटला की मगच पिकायला सुरुवात. म्हणून अ‍ॅव्होकाडोची कुठलीही पाककृती वाट बघण्यापासून सुरू होते.

(दृश्य: कागदी पिशवी, आत केळं)

घाई असेल तर सोबत एक पिकलं केळं ठेवा. त्यातून निघणारा इथिलीन वायू बाकीचं बघतो. ही ‘हास’ जात; पिकत आली की हिरवी साल काळपट जांभळी होते. ‘फुएर्ते’ मात्र पिकूनही हिरवंच. तेव्हा रंगावर फार विसंबू नका, देठाजवळ हलकेच दाबून बघा. अंगठा रोवलात तर आत नेमका तिथेच डाग पडेल.

(दृश्य: सुरी, फळ, दोन हात)

सुरी बीपर्यंत रुतवायची आणि मग फिरवायचं ते फळ. सुरी जागची हलत नाही. दोन्ही फोडी उलट दिशांना पिळल्या, की सुटल्या. बी चमच्याने काढा. सुरीचं पातं बीवर हाणायची कसरत पडद्यावर झकास दिसते, पण तिच्यापायी बरेच तळहात कापले गेलेत. आम्ही ती चित्रित केली नाही.

(दृश्य: काळी खडबडीत साल, अगदी जवळून)

या सालीची गोष्ट सांगायलाच हवी. रुडॉल्फ हास हे कॅलिफोर्नियातले टपालवाले. त्यांनी बी पेरून रोपं केली, एका रोपावर कलम काही धरेना. अखेर ते तसंच वाढू दिलं. फळं आली ती अशी, खडबडीत सालीची. 1935 साली त्यांनी या जातीचं पेटंट घेतलं. ते मूळ झाड 2002 मध्ये मेलं, पण जगातलं प्रत्येक हास झाड कलमाकलमानं त्याच्यापाशीच जाऊन पोचतं.

(दृश्य: तीन पायांचा दगडी खल)

हा मेक्सिकोचा मोल्काहेते. ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचा, पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत ठेवलेला. आधी जाडं मीठ, मिरची, थोडा कांदा आणि कोथिंबीर. मिठाचे खडे वाळूसारखे घासतात, कांद्या-मिरचीचा रस सुटतो, तो दगडाच्या छिद्रांत मुरतो. अ‍ॅव्होकाडो सगळ्यात शेवटी, आणि तोही जेमतेम ठेचायचा. गुठळ्या राहू द्यायच्या. ग्वाकामोले ते हेच. नावही जुनं, नाहुआत्ल भाषेतलं: आवाकात्ल म्हणजे हे फळ आणि मोली म्हणजे सॉस. कांदा, कोथिंबीर, लिंबू हे नंतरचे पाहुणे, स्पॅनिश लोकांबरोबर आलेले. मिरची आणि टोमॅटो तिथलेच.

(निवेदन थांबतं. बत्त्याचा आवाज, वीस सेकंद.)

मिक्सरमध्ये हेच सगळं काही क्षणांत होतं, खरं आहे. पण मग ती एकजीव पेस्ट होते, आणि दाताखाली काहीच येत नाही.

(दृश्य: दोन वाट्या, वेगवान चित्रण)

डावीकडे लिंबू पिळलेलं, उजवीकडे नाही. चिरताना पेशी फुटतात, आतलं एन्झाइम हवेशी गाठ घेतं आणि गर तपकिरी पडतो. आंबटपणानं त्याचा वेग मंदावतो. वाटीत बी ठेवल्यानं काही होत नाही; बीखालचा तेवढा भाग हिरवा राहतो, बस. त्यापेक्षा प्लास्टिकची फिल्म थेट गरावर चिकटवा, मध्ये हवा नको.

(दृश्य: तापलेला तवा, फोड पालथी)

आच लावायचीच तर एखाद-दोन मिनिटं. जास्त शिजला की कडवटपणा येतो.

(दृश्य: उंच ग्लास, कडेनं ओघळणारं चॉकलेट)

हे इंडोनेशियातलं. गर, कंडेन्स्ड मिल्क, बर्फ आणि ग्लासच्या आतून चॉकलेट सिरप. ब्राझीलमध्ये साखर आणि लिंबू घालून चमच्यानं खातात. व्हिएतनामी भाषेत अ‍ॅव्होकाडो आणि लोणी, दोघांनाही एकच शब्द आहे: ‘ब’. मीठ-मिरचीशी याचं लग्न लागलंय असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा हे पिऊन बघावं. इथे मिक्सर चालतो, मान्य.

(दृश्य: डोंगरउतारावरच्या बागा, उंचावरून)

मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यात या बागांसाठी पाइनची जंगलं तोडली गेली आहेत, आणि झाडांना पाणीही भरपूर लागतं.

(दृश्य: अर्धी फोड, बीच्या खळग्यात लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, चमचा)

खळगा आयताच मिळतो. वाटीसुद्धा लागत नाही.

(दृश्य: रिकामी साल)