शिट्टी न वाजलेली धडक

[दृश्य: फिलाडेल्फियाचं बर्फाचं रिंक, खचाखच भरलेलं. जुनं, किंचित धूसर चित्रीकरण.]

२६ मे २०००. फिलाडेल्फिया. नॅशनल हॉकी लीग (एनएचएल), म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीची लीग. तिच्या पूर्व विभागाची अंतिम फेरी, सातवा सामना. आज जिंकेल तो स्टॅनले कपसाठी, म्हणजे लीगच्या विजेतेपदासाठी खेळणार, हरेल त्याचा मोसम संपला.

पहिल्याच सत्रात फिलाडेल्फिया फ्लायर्सचा एरिक लिंड्रॉस पक, म्हणजे या हॉकीतली चेंडूऐवजीची चपटी चकती, घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या भागाची निळी रेषा ओलांडतो आणि मध्याकडे वळतो. सहा फूट चार इंचांचा धिप्पाड गडी. नजर खाली, पकवर. समोरून न्यू जर्सी डेव्हिल्सचा कर्णधार स्कॉट स्टीव्हन्स येतो आणि त्याचा खांदा थेट लिंड्रॉसच्या जबड्यावर बसतो.

[दृश्य: तीच धडक, मंद गतीत. एकदाच.]

पेनल्टी, म्हणजे काही मिनिटं बाहेर बसण्याची शिक्षा? नाही. स्टीव्हन्स दोन मिनिटांसाठीसुद्धा बाहेर बसला नाही. पुढे लीगने चौकशी केली नाही, बंदी घातली नाही. डेव्हिल्सनी सामना २-१ असा जिंकला, मग डॅलसला हरवून कप उचलला, आणि प्लेऑफमधला, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ करंडक मिळाला तो स्टीव्हन्सलाच.

लिंड्रॉसला कन्कशन झालं होतं, मेंदूला बसलेला जबर धक्का. त्या मोसमातलं ते पहिलंही नव्हतं. त्यातूनच सावरून तो आदल्या, सहाव्या सामन्यात परतला होता आणि त्यात त्याने गोलही केला होता.

तेव्हाच्या नियमपुस्तकाप्रमाणे ती धडक स्वच्छ होती. हे नीट समजून घ्यायला हवं, कारण आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंद आठवतात, खडकीचा धनराज पिल्ले आठवतो. त्या हॉकीत प्रतिस्पर्ध्याला अंगाने ढकललं तरी फाउल होतो. बर्फावरच्या हॉकीत मात्र अंगावर जाणं हे खेळाचं एक अधिकृत कौशल्य आहे. त्याला बॉडी चेक म्हणतात, आणि त्याचा हेतू एकच, पक असलेल्या माणसाला पकपासून वेगळं करायचं.

[दृश्य: रिकामं रिंक, वरून. बोर्डवर आदळणाऱ्या पकचा आवाज.]

रिंक २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. भोवती बोर्ड, त्यावर काच. खेळाडू ताशी तीस किलोमीटरच्या वर सहज जातात आणि पायाखाली बर्फ, म्हणजे ऐनवेळी थांबणं अवघड. खांद्यावर कडक प्लास्टिकचं पॅड. हे पॅड घालणाऱ्याला वाचवतं. समोरच्याच्या जबड्याचं काय होतं, ते आपण आत्ता पाहिलं.

तर कायदेशीर धडक कोणती? ज्याच्याकडे पक आहे, किंवा ज्याने तो नुकताच सोडला आहे, त्यालाच धडकता येतं. इतरांना धडकलात तर तो अडथळा. लांबून वेग घेऊन किंवा उडी मारून अंगावर गेलात तर चार्जिंग. बेसावध माणसाला बोर्डवर आपटलंत तर बोर्डिंग. मागून, कोपराने, गुडघ्याने, सगळ्याला वेगवेगळी कलमं आहेत. अवयवांची आणि दिशांची एवढी यादी, आणि २००० साली त्यात एक गोष्ट नव्हती. खांद्याने डोक्यावर मारलं तर काय, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

त्याऐवजी एक जुना उपदेश होता, डोकं वर ठेव. कॅनडातल्या प्रत्येक पोराला स्केट्स बांधतानाच तो ऐकवला जातो. ऐकायला शहाणपणाचा आहे. पण त्यात एक मेख आहे, धडकेची जबाबदारी धडक खाणाऱ्यावर जाते. लिंड्रॉसबद्दल कित्येक वर्षं लोक हेच म्हणत राहिले, की त्याने वर बघायला हवं होतं.

[दृश्य: व्हँकुव्हर शहर, मग रिंकचं प्रवेशद्वार.]

पुस्तक गप्प राहतं तेव्हा खेळाडू आपला कायदा आणतात. फेब्रुवारी २००४ मध्ये कोलोरॅडोच्या स्टीव्ह मूरने व्हँकुव्हरचा कर्णधार मार्कस नॅसलंड याला धडक दिली. नॅसलंड पुढे वाकून सुटा पक घ्यायला बघत होता. त्याला कन्कशन झालं. पंचांनी पेनल्टी दिली नाही, लीगने तपासून बंदी घातली नाही. व्हँकुव्हरच्या गोटातून मात्र हिशेब चुकता करण्याची भाषा जाहीरपणे सुरू झाली.

८ मार्चला दोन्ही संघ पुन्हा भेटले. पहिल्या सत्रात मूर व्हँकुव्हरच्या मॅट कुकशी हातघाईवर आला, आणि समोरासमोर मारामारी झाली की संपलं, या रिवाजानुसार हिशेब तिथे मिटायला हवा होता. मिटला नाही. तिसऱ्या सत्रात, सामना केव्हाच हातातून गेलेला असताना, व्हँकुव्हरच्या टॉड बर्टुझीने मागून येऊन मूरच्या डोक्यावर ठोसा मारला आणि त्याला तोंडावर बर्फात पाडलं. वर आणखी खेळाडू कोसळले. मूरच्या मानेचे तीन मणके मोडले. तो एनएचएलमध्ये पुन्हा कधी खेळला नाही. बर्टुझीने न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्याला तुरुंगवास झाला नाही; वर्षभराची देखरेख आणि समाजसेवा एवढ्यावर भागलं. २००५ मध्ये तो लीगमध्ये परतला. मूरने लावलेला भरपाईचा दावा २०१४ साली न्यायालयाबाहेर मिटला.

या प्रकरणावर खूप लिहिलं गेलं, पण बहुतेक वेळा गोष्ट ठोशापासून सुरू होते. ती त्याआधी तीन आठवडे सुरू झाली होती, नॅसलंडला बसलेल्या आणि 'नियमात बसणाऱ्या' धडकेपासून.

[दृश्य: पिट्सबर्ग. प्रेक्षकांचा गोंगाट हळूहळू वर.]

आणि तोच मॅट कुक. ७ मार्च २०१०, आता तो पिट्सबर्ग पेंग्विन्सकडून खेळतोय. बॉस्टनच्या मार्क सॅव्हार्डने नुकताच गोलवर फटका मारलाय, पक त्याच्याकडे नाही. बाजूने, त्याला दिसणार नाही अशा कोनातून कुक आला आणि सॅव्हार्डच्या डोक्यावर आदळला. पेनल्टी नाही. बंदी नाही. लीगचं स्पष्टीकरण असं की काही महिन्यांपूर्वी माइक रिचर्ड्सने डेव्हिड बूथला अशीच धडक दिली होती आणि तेव्हाही बंदी घातली नव्हती, मग आता कशी घालणार? तर्क बिनचूक होता आणि तरी तो ऐकून कुणाचंच समाधान झालं नाही. सॅव्हार्ड पुढच्या मोसमात काही सामने खेळला. जानेवारी २०११ मध्ये पुन्हा डोक्याला मार बसला आणि त्याची कारकीर्द संपली.

२०१०-११ च्या मोसमात नियमपुस्तकात ४८ क्रमांकाचं कलम आलं. बाजूने किंवा नजरेच्या आड राहून, डोकं लक्ष्य करून केलेली धडक बेकायदा ठरली. पुढच्याच वर्षी बाजूची अट काढून टाकली, कुठल्याही दिशेने आलात तरी कलम लागू. २०१३ मध्ये शब्द पुन्हा बदलले. आता प्रश्न दोन. आघाताचं मुख्य ठिकाण डोकं होतं का? आणि तो टाळता आला असता का?

या दुसऱ्या प्रश्नाने वाद मिटण्याऐवजी त्याला कायमचं घर मिळालं. कारण 'टाळता आला असता का' हे ठरवताना धडक खाणाऱ्याचीही तपासणी होते. त्याने ऐनवेळी डोकं खाली किंवा पुढे नेलं का? तो स्वतःहून धोक्याच्या पवित्र्यात आला का? जुना उपदेश असा कलमात जाऊन बसला.

[दृश्य: न्यूयॉर्क. अंधाऱ्या खोलीत ओळीने लावलेले पडदे.]

२०११ पासून हा निवाडा न्यूयॉर्कमधला खेळाडू सुरक्षा विभाग करतो. पहिला प्रमुख ब्रेंडन शॅनहन, स्वतः नामवंत खेळाडू. त्याने एक चांगली प्रथा पाडली. शिक्षा झाली की तिची चित्रफीत निघते. धडक संथ गतीत दाखवतात आणि एक आवाज शांतपणे सांगतो, खांदा कुठून आला, पाय कधी उचलले, छाती समोर असताना डोकं का सापडलं. शिक्षा झालेल्या खेळाडूचं बुडालेलं वेतन गरजू खेळाडूंच्या मदतनिधीत जातं.

चित्रफिती बघण्यासारख्या आहेत, पण त्या शिक्षेच्याच असतात. शिक्षा का केली नाही, हे इतक्या सविस्तर क्वचितच सांगितलं जातं, आणि लोकांना खरी उत्सुकता तिथेच असते.

शिक्षा मोठ्याही झाल्या. राफी टोरेसला २०१५ मध्ये ४१ सामने, म्हणजे अर्धा मोसम. वॉशिंग्टनच्या टॉम विल्सनला २०१८ मध्ये सरावाच्या सामन्यातल्या धडकेसाठी २० सामने. विल्सनने दाद मागितली, तटस्थ लवाद श्याम दास यांनी शिक्षा १४ वर आणली. तोवर त्याचे १६ सामने बुडून झाले होते.

मुलांच्या खेळात फरक लवकर पडला. अल्बर्टात अकरा-बारा वर्षांच्या मुलांना बॉडी चेकची मुभा होती, क्वेबेकमध्ये नव्हती. २०१० च्या एका अभ्यासात अल्बर्टाच्या मुलांमध्ये कन्कशनचा धोका तिपटीहून जास्त आढळला. अमेरिकेने २०११ मध्ये आणि कॅनडाने २०१३ मध्ये या वयात धडकेवर बंदी घातली. त्या निर्णयाने खेळ बुडाला नाही.

[दृश्य: न्यू जर्सी, नेवार्कचं रिंक. लाल जर्सींची गर्दी.]

१ मे २०२३. पुन्हा प्लेऑफ, पुन्हा सातवा सामना, पुन्हा न्यू जर्सी. या वेळी डेव्हिल्सचा टिमो मायर पक घेऊन मध्याकडे वळतो आणि न्यूयॉर्क रेंजर्सचा कर्णधार जेकब ट्रूबा त्याला गाठतो. मायर कोसळतो. पेनल्टी नाही, बंदी नाही. खांदा आधी शरीरावर बसला, असं म्हणणारे एका बाजूला. डोकं वाचलं नाही ते नाहीच, असं म्हणणारे दुसऱ्या बाजूला.

मला विचाराल तर दोघंही चित्रात दिसतं तेच सांगतायत. अडचण ४८ व्या कलमाच्या रचनेत आहे. ते मुख्य आघात कुठे झाला हे शोधतं, आणि एवढ्या वेगात दोन अवजड शरीरं आपटली की 'मुख्य' काय हे चित्रफितीच्या एकेका चौकटीवर अडतं. डोक्याला लागलं की किमान दोन मिनिटं बाहेर, मग चूक कुणाचीही असो, असा साधा नियम करता येईल. स्टिक प्रतिस्पर्ध्याच्या तोंडाला लागली तर हेतू नसतानाही आजच पेनल्टी मिळते. लाकडाला जो न्याय, तो खांद्याला का नाही?

लीगमधल्या पुष्कळांना भीती वाटते की मग कुणी धडकणारच नाही, खेळाची धग जाईल. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. छातीवर बसलेली नेमकी धडक बघताना मीही खुर्चीत पुढे सरकतो.

[दृश्य: अलीकडचे सामने, एकापाठोपाठ.]

दरम्यान खेळाडूंचा कायदा चालूच आहे. आता तर तो खरोखरच स्वच्छ धडकेनंतरही लागू होतो. खांदा छातीवर, पाय बर्फावर, पंचांचा हात खाली. आणि तरी धडक खाल्लेल्याचा सोबती हातमोजे टाकून धडकणाऱ्याच्या अंगावर धावतो. भांडण उकरून काढल्याबद्दल त्याला दोन मिनिटं, मारामारीची पाच आणि गैरवर्तनाची दहा, अशी सतरा मिनिटं मिळतात. तो पेनल्टी बॉक्सकडे निघतो, आणि त्याच्या संघाचा अख्खा बाक त्याच्यासाठी बोर्डवर स्टिका बडवतो.