आधी पट्टे घ्या, हॅमक नंतर
(नागपुरात धरमपेठेतल्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय फलकावर लिहिलाय तोच आहे: नवख्या कॅम्परनं हॅमक, म्हणजे दोन झाडांत बांधून झोपायचं कापड, टांगायला काय घ्यावं. पट्टे, कड्या, गाठी हे सगळं त्यात येतं आणि मी ते सांगणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट मनात घर करून बसलीय, ती मोकळी करतो. लोक हॅमकच्या कापडावर पैसे घालतात, रंग पारखून घेतात आणि बांधायला घरातली पडलेली दोरी उचलून नेतात. तुमचं सगळं वजन शेवटी त्या दोरीवर येतं. शिवाय ती जितकी करकचून ताणाल तितकी धोक्याची होते.

नागपूरहून तास-दीड तासावर एका तलावाकाठी कॅम्प भरतो. नाव सांगत नाही. तिथं कोवळ्या सागाच्या ओळीत हॅमक बांधले होते. निळी बारीक दोरी, एस आकाराचे लोखंडी हुक, आणि ताण इतका की कापड टेबलासारखं सपाट. फोटोत छान दिसतं, म्हणून तसं बांधतात. मी त्या पोराला म्हटलं, "भाऊ, थोडं ढिलं सोड." तो म्हणाला, "सर, ताणलं म्हणजे मजबूत राहते ना!" त्याचा दोष नव्हता, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मी मालकाकडे गेलो. मालक म्हणाले, ढिलं बांधलं तर पाहुणे म्हणतात झोळी झाली.

दुपारी एक कॉलेजचा मुलगा त्यावर पाय वर घेऊन बसला आणि पायथ्याकडचा हुक सरळ झाला. तुटला नाही, उघडून सरळ झाला. कमरेएवढ्या उंचीवरून मुलगा पाठीवर पडला. खाली दगड होते. मुकामारावर निभावलं, पण त्याची आई जी ओरडली ते मी अजून विसरलेलो नाही. संध्याकाळी पाहतो तर त्याच झाडांवर, त्याच दोरीनं, त्याच ताणावर दुसरे पाहुणे झोपलेले. हुक तेवढा नवा घातला होता. मला राग आहे तो याचा. हुक बदलला, कोन कुणी बदलला नाही.

आता कोन. दहावीला साइन ३० म्हणजे अर्धा, हे सगळ्यांनी घोकलंय. ते इथं कामाला येतं. पट्टा आडव्या रेषेशी ३० अंशांत असेल, तर प्रत्येक बाजूच्या पट्ट्यावर तुमच्या वजनाएवढाच ताण येतो. तुमचं वजन ८० किलो, तर पट्ट्यावरही ८० किलो. कोन १५ अंशांवर आणा, ताण १५५ किलोच्या आसपास. १० अंशांवर २३०. आणि त्या पोरानं बांधलं होतं तसं ५ अंशांवर, जवळजवळ ४६०. माणूस तोच, झाडं तीच. गच्चीवर कपड्यांची तार करकचून ताणली की एका ओल्या चादरीनं भिंतीतला खिळा उपटतो, तोच हा हिशोब. धपकन बसलात, कूस बदललीत, की त्यावर आणखी झटका बसतो.

३० अंश मोजायला मोबाइल लागत नाही. मुलांच्या कंपासपेटीत दोन गुण्या असतात. त्यातली ३०-६० ची घ्या, लांब कड जमिनीला समांतर धरा आणि ३० च्या टोकाकडून पट्ट्याची रेघ पाहा. गुण्या नसेल तर तर्जनी आडवी, अंगठा वर. तर्जनीच्या टोकापासून अंगठ्याच्या टोकापर्यंतची तिरपी रेघ साधारण तेवढीच येते. ढिलं बांधलं की पाठ वाकते अशी तक्रार असते. वाकते, कारण लोक मधोमध सरळ झोपतात. ढिल्या हॅमकमध्ये थोडं तिरपं झोपा, डोकं एका कडेला, पाय दुसऱ्या कडेला. पाठ बरीच सपाट राहते.

झाडांबद्दलही बोलायलाच हवं. सालीच्या आतल्या थरातून पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे जातं, आणि खोड ज्या थरानं जाड होतं तो थरही लगेच त्याखाली असतो. बारीक दोरी वजनाखाली तिथं करवतीसारखी बसते. चहूबाजूंनी कापली गेली तर झाड मरतं. त्या तलावाकाठच्या सागांना मी हात लावून पाहिलं, वळ बोटाला लागत होते. म्हणून झाडाभोवती किमान २.५ सेंटिमीटर रुंद पट्टा हवा, ५ असेल तर उत्तम. खोड मांडीपेक्षा जाड आणि जिवंत हवं. आपल्याकडं कडुनिंब, आंबा, चिंच, मोह, ऐन हे भरवशाचे. शेवगा, सालई नको, लाकूड कच्चं. गुलमोहराच्या फांद्या वळवाच्या पहिल्या वाऱ्यात रस्त्यावर पडतात, हे नागपूरकरांना मी काय सांगू? बांधण्याआधी मान वर करून पाहा. वाळकी फांदी असेल तर दुसरं झाड. आग्या मोहोळ असेल तर दुसरी जागाच.

याच ओघात एक. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे तारे नीट दिसावेत म्हणून रात्रीचा अंधार जपलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली. तेव्हापासून मला तरुण मुलं विचारतात, सर, पेंचला हॅमक टांगून तारे पाहत झोपू का? नाही. ते वाघाचं घर आहे. वनखात्यानं नेमलेल्या जागी, त्यांच्या परवानगीनं, त्यांच्या वेळेत तारे पाहा. झोपायला शेतातली ओळखीची आमराई शोधा. आकाश तिथंही भरपूर आहे.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. तर आता निवड, भराभर.

पहिली खरेदी: पॉलिस्टरचे दोन पट्टे, ज्यावर ओळीनं फासे शिवलेले असतात. पट्टा झाडाभोवती फिरवायचा, टोकाच्या फाशातून ओवायचा, सोयीच्या फाशात कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणारी धातूची कडी, अडकवायचा. गाठ एकही नाही. जरा जड असतात आणि उंची फासा-फासा करतच बदलते, पण नवख्याला अंधारात चुकायला जागा राहत नाही. माझं मत ठाम याच्याच बाजूनं. नायलॉनची पट्टी घेऊ नका, ती वजनाखाली ताणते, भिजली की आणखी, आणि पहाटे तुम्ही जमिनीला टेकता. खाटेच्या नवारीचंही विचारतात. तिची ताकद कुठं छापलेली नसते, म्हणून नको. बाजारात नायलॉन म्हणून मिळणारी दोरी बरेचदा पॉलिप्रॉपिलीनची निघते. बादलीत तुकडा टाका, तरंगला तर नायलॉन नव्हे. आपल्या उन्हात पॉलिप्रॉपिलीनची दोरी लवकर ठिसूळ होते.

कॅराबिनर भारासाठी बनवलेला, ज्यावर किलोन्यूटनचा आकडा कोरलेला असतो तो. १ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलो. किल्लीच्या जुडग्याचा चालणार नाही. पट्ट्याची तुटण्याची ताकद वजनाच्या किमान पाचपट पाहा. कोन चुकला तर तीच वाचवते.

दुसरा पर्याय बकलचा. साधा पट्टा बकलमधून ओढायचा, उंची हवी तशी इंचाइंचानं बसते. चांगला आहे, फक्त बकलच्या मागं एक अर्धी गाठ मारून ठेवा. तिसरा, व्हूपी स्लिंग, म्हणजे लांबी कमी-जास्त करता येणारा दोरीचा फासा. डायनीमा या कृत्रिम धाग्याची दोरी, हलकी, फार मजबूत, पण गुळगुळीत. साध्या गाठी तिच्यात सरकतात आणि झाडाला थेट गुंडाळता येत नाही, पट्टा लागतोच. तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी घ्या.

मापं लिहून घ्या. दोन झाडांत अंतर ४ ते ५ मीटर. पट्टा साधारण डोक्याच्या उंचीवर, अंतर जास्त असेल तर आणखी वर. माणूस बसल्यावर हॅमकचा तळ जमिनीपासून ४५ सेंटिमीटर, खुर्चीएवढा, त्याहून वर नको. खालचे दगड, खुंट आधी काढा. पहिल्यांदा हातानं दाबून भार द्या, मग हळूच मधोमध बसा, पाय जमिनीवर ठेवून. दोन्ही टोकं पाहा, मगच पाय वर घ्या. आणि सकाळी पट्टे सोडून घ्या. झाडावर ठेवून जाऊ नका, ऊन पट्टा खातं.

लहान मुलांच्या हॅमकबद्दल ताईंनी चिठ्ठी पाठवलीय. त्याचं उत्तर बोलून पटणार नाही, दाखवावं लागेल. पट्टे आणि एक गुण्या आणलीय. बाहेर आवारात दोन कडुनिंब बरोबर अंतरावर आहेत. ज्यांना थांबता येईल त्यांनी तिकडं या.