जिंकलं की माज येतो: कन्सोलवाल्यांची भांडणं

कन्सोलचा, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या मशीनचा, विषय निघाला की आपली पोरं लगेच चिपवर येतात, कोणाचे ग्राफिक्स भारी, कोणाचा स्पीड भारी. पण नुसत्या चिपच्या जोरावर कोणी जिंकलंय असं फार कमी वेळा झालंय. मला तर एकच गोष्ट दिसते, एक राउंड जिंकला की पुढच्या राउंडला माणसाला माज येतो आणि समोरचा त्याला तिथेच गाठतो.

१९९१ चं घ्या. शिकागोच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्सच्या शोमध्ये सोनीने जाहीर केलं की आम्ही निन्टेंडो या गेम कंपनीसोबत सीडीवाला कन्सोल आणतोय, आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने सांगितलं की आम्ही फिलिप्सबरोबर जातोय! साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी नवरदेव दुसऱ्याच मांडवात. कारण साधं होतं, करारात सीडीवरच्या गेमचा ताबा सोनीकडे जात होता आणि निन्टेंडोचा खरा पैसा तर गेमच्या रॉयल्टीतच. पण सोनीच्या केन कुतारागींनी हट्ट सोडला नाही, आणि १९९४ च्या डिसेंबरात जपानमध्ये सोनीचा स्वतःचा कन्सोल, प्लेस्टेशन, आला.

आता १९९५ चा मे महिना, लॉस एंजेलिस, ई-थ्री हा गेमवाल्यांचा पहिलाच शो. सेगा या तिसऱ्या कन्सोल कंपनीचे टॉम कॅलिन्स्के स्टेजवर येऊन सांगतात की आमचा नवा कन्सोल सॅटर्न सप्टेंबरात नाही, आजच दुकानात आलाय, ३९९ डॉलर. माल ठराविक दुकानांनाच दिलेला, बाकीचे भडकले, के बी टॉइज या खेळण्यांच्या दुकानांनी तर सेगाचा माल ठेवायलाच नकार दिला. आणि गेम बनवणाऱ्यांचे गेम अजून तयारच नाहीत. मग सोनीच्या सेशनमध्ये स्टीव्ह रेस नावाचा गृहस्थ माइकपाशी आला, प्लेस्टेशनची किंमत "२९९" एवढंच बोलला आणि निघून गेला. टाळ्यांचा कडकडाट. माझ्या मते या धंद्यातलं सगळ्यात भारी भाषण हेच.

निन्टेंडोने तिकडे आपल्या नव्या कन्सोलला, एन-६४ ला, कॅसेटच ठेवली. (हो, कार्ट्रिज. आपल्याकडे कॅसेटच म्हणायचे.) कॅसेट महाग, बनवायला वेळ आणि मावतं कमी, सीडी स्वस्त आणि जागा भरपूर, म्हणून स्क्वेअर ही गेम बनवणारी कंपनी आपला फायनल फँटसी ७ घेऊन सरळ सोनीकडे गेली, तीन सीडी भरून गेम!

पुढे पीएस-२ (म्हणजे प्लेस्टेशन २) मध्ये डीव्हीडी प्लेयर मिळाला आणि तो १५ कोटींच्या वर विकला गेला. मग आला माज. २००६ मध्ये पीएस-३ ची वरच्या मॉडेलची किंमत अमेरिकेत ५९९ डॉलर! ब्लू-रे डिस्कचा ड्राइव्ह आणि सेल नावाच्या चिपने खर्च इतका वाढवला की एवढ्याला विकूनही सोनीला तोटाच. त्याच सुमारास निन्टेंडोने वी नावाचा कन्सोल आणला, २४९ डॉलर, ग्राफिक्स तसे जुनेच पण रिमोट हातात धरून आजोबासुद्धा टेनिस खेळायला लागले. निन्टेंडोच्याच गुनपेई योकोइंचा जुना विचार होता तो, की मुरलेली स्वस्त टेक्नॉलॉजी घ्यायची आणि तिचा वेगळाच उपयोग काढायचा. वी १० कोटींवर गेला, आणि मग त्यांनाही वाटलं की नाव पुरे आहे, वी-यू हा पुढचा कन्सोल काढला, तो दीड कोटीसुद्धा नाही खपला. २०१७ च्या स्विच या कन्सोलने त्यांना परत वर काढलं.

मायक्रोसॉफ्टचं उदाहरण तर अजून गमतीशीर. एक्सबॉक्स ३६० हा कन्सोल पीएस-३ च्या एक वर्ष आधी आणून त्यांनी सोनीला गाठलं, लाल दिवा लागून मशीन बंद पडायच्या भानगडीत वॉरंटीवर शंभर कोटी डॉलरच्या वर गेले तरी टिकले, आणि २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन आणताना म्हणे रोज एकदा इंटरनेट लागेल, वापरलेल्या डिस्कवर नियम लागतील, वर कायनेक्ट कॅमेऱ्यासकट ४९९ डॉलर. सोनीने एक छोटा व्हिडिओ काढला, मित्राला गेम कसा द्यायचा: एकाने डिस्क पुढे केली, दुसऱ्याने घेतली, संपलं. पीएस-४ ३९९ ला. मायक्रोसॉफ्टने दीड आठवड्यात नियम मागे घेतले पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मघाशी एकाने विचारलं की मग आता एक्सबॉक्स हरला का. तर त्यांनी रस्ताच बदललाय, महिन्याचे पैसे भरून खूप गेम खेळायचा गेम पास, गेम कंपनी ॲक्टिव्हिजनची जवळपास ६९ अब्ज डॉलरची खरेदी, आणि २०२५ मध्ये त्यांचाच गाड्यांच्या रेसचा गेम फोर्झा होरायझन ५ चक्क सोनीच्या पीएस-५ वर. गेम कुठेही विकला तरी पैसा येतोच, त्यामुळे कंपनी म्हणून हरले असं मी म्हणणार नाही. पण ज्याने फोर्झासाठी म्हणून एक्सबॉक्स घेतला तो चिडला तर त्याचंही काही चुकलं नाही.