बारा आल्बम आणि वॉशिंग्टनहून आलेला आवाज

नमस्कार श्रोतेहो.

कॅसेटच्या काळात मधलं एखादं गाणं गाळणं मोठं कटकटीचं काम असायचं. फीत पुढे पळवायची, ती हमखास जास्त पळायची, मग पुन्हा मागे आणायची. त्यापेक्षा अख्खी बाजू ऐकलेली परवडायची. म्हणून तर एक गाणं संपत असतानाच पुढच्याची पहिली ओळ ओठांवर यायची. आणि तो क्रम उगाच पडलेला नसे, कुणीतरी बसून, विचार करून तो लावलेला असे. आज ज्या पुरस्काराबद्दल बोलायचं आहे, तो या सगळ्या क्रमाला मिळतो. एका गाण्याला नाही. पूर्ण आल्बमला.

ब्रिटनचा मर्क्युरी पुरस्कार. सुरुवात १९९२ ची. मर्क्युरी हे नाव आलं एका टेलिफोन कंपनीवरून, मर्क्युरी कम्युनिकेशन्सवरून, कारण ती पहिली प्रायोजक होती. पुढे ती कंपनी राहिली नाही, प्रायोजकही बदलत गेले, नाव मात्र तेच राहिलं.

निवड कशी होते? कलाकार ब्रिटिश किंवा आयरिश हवा. आल्बम ठरलेल्या वर्षभरात निघालेला हवा, आणि प्रवेशिका शुल्कासह पाठवावी लागते. नाही पाठवली तर आल्बम कितीही गाजलेला असो, परीक्षकांपुढे जातच नाही. परीक्षकांत वादक, रेडिओवरचे निवेदक, समीक्षक अशी मंडळी असतात. सायमन फ्रिथ हे लोकप्रिय संगीताचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ तर सुरुवातीपासून २०१६ पर्यंत या मंडळाचे अध्यक्ष होते. आधी बारा आल्बमची यादी जाहीर होते, आणि विजेता ठरतो थेट समारंभाच्या दिवशीच, दार बंद करून. अलीकडे बक्षिसाची रक्कम २५,००० पौंड आहे. किती प्रती खपल्या हे विचारात घेत नाहीत. पुन्हा सांगतो: बारा आल्बम, विजेता एक, खपाचा आकडा बाजूला.

तुमच्यापैकी कुणाची मुलं, भाचरं तिकडे राहून गातवाजवत असतील, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. रिना सावायामा ही गायिका जपानमध्ये जन्मली आणि लहानपणापासून इंग्लंडमध्ये वाढली. तिच्याकडे तिथल्या कायम वास्तव्याचा परवाना होता, पण पासपोर्ट जपानी. एवढ्याच कारणावरून २०२० मध्ये तिचा आल्बम अपात्र ठरला. तिने त्याविरुद्ध आवाज उठवला आणि २०२१ मध्ये नियम बदलला. आता पाच वर्षांहून जास्त काळ कायम वास्तव्य असलेल्या कलाकारालाही दार उघडं आहे.

आपल्या तबल्यालाही हा मान मिळाला आहे. १९९९ मध्ये लंडनचे तबलावादक तलविन सिंग यांचा ‘ओके’ हा आल्बम जिंकला. त्यात इलेक्ट्रॉनिक ठेक्यांच्या बरोबरीने तबला आहे, उस्ताद सुलतान खान यांची सारंगी आहे. त्या वर्षी यादीत ब्लर आणि केमिकल ब्रदर्ससारखी तगडी नावं होती.

सारंगीचं नाव निघालंच आहे तर बोलून टाकतो. रेडिओवर गाणं लागलं की आधी गीतकार, मग संगीतकार, मग गायक, अशी तिन्ही नावं सांगायची आपली जुनी रीत आहे. आता मोबाइलवर गाणं लावलं की गायकाचं नाव ठळक दिसतं, आणि सारंगी कुणाची, तबला कुणाचा, हे शोधायला बोटं झिजवावी लागतात. वादकाचं नाव घेणं हा गाण्याचाच भाग आहे, आणि ते घेतलं गेलंच पाहिजे.

असो. या पुरस्काराच्या इतिहासातली सगळ्यात विलक्षण गोष्ट सांगायची राहिली आहे.

साल २००१. बारा जणांच्या यादीत इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातली एक गायिका होती, पॉली जीन हार्वी. तिला सगळे पीजे हार्वी म्हणून ओळखतात. आल्बमचं नाव ‘स्टोरीज फ्रॉम द सिटी, स्टोरीज फ्रॉम द सी’, म्हणजे शहराच्या गोष्टी, समुद्राच्या गोष्टी. त्याआधी ती काही महिने न्यूयॉर्कला राहिली होती आणि त्या शहराचा मोह गाण्यागाण्यांत उतरला होता. आठव्या गाण्यात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातली एक गच्ची आहे. रात्रीचा एक वाजला आहे, समोर मॅनहॅटनचे दिवे लुकलुकत आहेत आणि दोन माणसं बोलत उभी आहेत. सातव्या गाण्यात रेडिओहेड या बँडचा गायक थॉम यॉर्क तिच्याबरोबर गातो. गंमत बघा, त्या वर्षी यादीत रेडिओहेडचाही आल्बम होता! म्हणजे यॉर्कचा आवाज बारापैकी दोन आल्बममध्ये.

समारंभ लंडनच्या ग्रोव्हनर हाउस हॉटेलात. तारीख फार आधीच ठरलेली होती: ११ सप्टेंबर.

हो, तोच ११ सप्टेंबर.

लंडनमध्ये दुपारचे पावणेदोन झाले होते तेव्हा न्यूयॉर्कमध्ये, त्याच मॅनहॅटनमध्ये, वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या पहिल्या मनोऱ्यावर दहशतवाद्यांनी पळवलेलं विमान आदळलं. तिथे सकाळचे ८ वाजून ४६ मिनिटं झाली होती. तासाभरात, ९ वाजून ३७ मिनिटांनी, तिसरं विमान वॉशिंग्टनजवळच्या पेंटागॉनवर, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या मुख्यालयावर कोसळलं. आणि पीजे हार्वी त्या वेळी कुठे होती? वॉशिंग्टनमध्ये. ती अमेरिकेच्या दौऱ्यावर होती. हॉटेलच्या खिडकीतून तिला जळणारा पेंटागॉन दिसत होता.

संध्याकाळी लंडनमध्ये समारंभ झाला. परीक्षकांनी निवाडा दिला, विजेती पीजे हार्वी. अमेरिकेचं आकाश विमानांसाठी बंद, विजेती महासागरापलीकडे. तिने पुरस्कार स्वीकारला तो टेलिफोनवरून. जिच्या गाण्यात मॅनहॅटनचे दिवे लुकलुकत होते, तिचा आवाज धुरातल्या शहरातून तारेवरून आला आणि सभागृहाने तो ऐकला. गाण्यांतला एक शब्दही बदलला नव्हता. पण ती गच्ची, ते दिवे यांचा अर्थ एका दिवसात बदलून गेला. आठवं गाणं आज लावलं तरी तो दिवस आठवल्याशिवाय राहत नाही.

गोष्ट इथे संपत नाही.

दहा वर्षं गेली. २०११ च्या यादीत पीजे हार्वी पुन्हा होती. या वेळी आल्बम होता ‘लेट इंग्लंड शेक’, आणि विषय युद्ध. पहिल्या महायुद्धातल्या गॅलिपोलीच्या रणभूमीवरच्या टेकड्या, मातीत पडलेले सैनिक, त्यांचं मागे राहिलेलं घर. ध्वनिमुद्रण स्टुडिओत नाही, डॉर्सेटमध्ये समुद्राजवळच्या टेकडीवरल्या एका जुन्या चर्चमध्ये झालं. हातात गिटारऐवजी ऑटोहार्प. आपल्या स्वरमंडळाची भावंडंच म्हणा. फरक एवढाच, की याच्या तारांवर आडव्या पट्ट्या असतात. एक पट्टी दाबली की तिच्या खालचे नमद्याचे तुकडे नको असलेल्या तारा दाबून धरतात आणि हव्या तेवढ्याच तारा झणझणतात. त्या झणझणाटावर ती नेहमीपेक्षा उंच, पातळ आवाजात गाते. एका गाण्यात मध्येच लष्करी बिगुल वाजतो, आणि तो गाण्याच्या लयीत बसत नाही. तो मुद्दाम तसाच ठेवला आहे. पहिल्यांदा ऐकताना वाटतं, शेजारी कुणी दुसरा रेडिओ लावला की काय! दोन-तीनदा ऐकल्यावर कळतं की लढाई घरात येते ती अशीच, लय मोडून.

त्याच यादीत अडेल या गायिकेचा ‘२१’ हा आल्बम होता, जगभर तुफान खपत असलेला. पण मघाशी म्हटलं ना, खपाचा आकडा बाजूला. ६ सप्टेंबर २०११ ला, त्याच ग्रोव्हनर हाउसमध्ये, पुन्हा पीजे हार्वी जिंकली. या वेळी ती समोर उभी होती. बोलताना तिने दहा वर्षांपूर्वीची ती खिडकी आणि जळणारा पेंटागॉन यांची आठवण काढली. मर्क्युरी पुरस्कार दोनदा जिंकणारी ती पहिली, आणि आजवरची एकमेव.

पुढची हकीकत थोडक्यात. २०२३ मध्ये एझ्रा कलेक्टिव्हच्या रूपाने पहिल्यांदा जॅझ बँड जिंकला. २०२४ मध्ये प्रायोजकच नव्हता, म्हणून मोठा समारंभ झाला नाही. २०२५ मध्ये पुरस्कार पहिल्यांदाच लंडनबाहेर, न्यूकॅसलला गेला, आणि जिंकला त्याच भागातला गायक सॅम फेंडर.

श्रोतेहो, पीजे हार्वीचे हे दोन्ही आल्बम मोबाइलवर सहज मिळतात. प्रत्येकात बारा गाणी. आधी शहराचा ऐका, मग युद्धाचा. गाणी उलटसुलट लावणारं शफलचं बटण आधी बंद करा, नाहीतर बिगुल गच्चीवर वाजेल. दुसऱ्या आल्बमला चाळीस मिनिटं लागतात, कुकर उतरवल्यावर निवांत बसा. आणि पहिल्याचं आठवं गाणं लागेल तेव्हा दिवा मालवून ऐका.

नमस्कार.