बारा वर्षं गप्प राहिलेला संगीतकार : कार्ल आमाडेउस हार्टमान

(सुरुवातीला फक्त व्हायोलिन, वीस सेकंद. मग मी समोर.)

नमस्कार मंडळी. आत्ता जे ऐकलंत ते 1939 मध्ये लिहिलेलं आहे. एक व्हायोलिन आणि मागे तंतुवाद्यांचा ऑर्केस्ट्रा. लिहिणारा माणूस म्युनिकचा, वय 34. पण हे पहिल्यांदा वाजलं ते म्युनिकमध्ये नाही, स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालेन गावात, 1940 साली. कारण हिटलर सत्तेवर असेपर्यंत आपलं संगीत जर्मनीत वाजू द्यायचं नाही, असं या माणसानं ठरवलं होतं. आणि त्यानं ते शेवटपर्यंत पाळलं.

त्याचं नाव कार्ल आमाडेउस हार्टमान. जन्म 2 ऑगस्ट 1905.

गंमत बघा, म्युनिकच्याच कार्ल ऑर्फचं संगीत तुमच्या कानावरून नक्की गेलेलं असतं. ‘कार्मिना बुराना’तला तो दणदणीत सुरुवातीचा कोरस, जाहिरातीत आणि ट्रेलरमध्ये हजार वेळा वापरलेला. तो पहिल्यांदा सादर झाला 1937 साली, फ्रँकफर्टमध्ये, नाझी राजवटीतच. ऑर्फ हार्टमानपेक्षा दहा वर्षांनी मोठा. त्याच शहरात, त्याच काळात एकाचं नाव वर चढत होतं आणि दुसरा आपल्या कागदांना उजेड दाखवत नव्हता. ऑर्फला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला मी हा व्हिडिओ करत नाहीये. मला हार्टमानबद्दल बोलायचंय, कारण त्याच्याबद्दल मराठीत फारसं कुणी बोलत नाही आणि ते मला सलतं.

वडील चित्रकार, फुलांची चित्रं काढायचे. चार भावांत हा धाकटा. घरचं वातावरण डाव्या विचारांचं. 1919 मध्ये म्युनिकमधलं क्रांतिकारी सरकार सैन्यानं रक्तपात करून चिरडलं, तेव्हा हा तेरा वर्षांचा होता. पुढे तिथल्याच संगीत अकादमीत शिकला, ट्रॉम्बोन वाजवायचा. पण अकादमीपेक्षा त्याला घडवलं ते हेर्मान शेर्खेन या कंडक्टरनं. शेर्खेनचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग आलं 1933. मार्चमध्ये म्युनिकपासून 16 किलोमीटरवर दाखाउची छळछावणी उघडली. सुरुवातीला तिथे डांबले गेले ते मुख्यतः राजकीय विरोधक, म्हणजे हार्टमानच्या ओळखीपाळखीतल्या विचारांची माणसं. त्यानं लगेच एक वाद्यवृंदरचना लिहायला घेतली, ‘मिझेराए’. तिची अर्पणपत्रिका अशी आहे: शेकड्यांनी मरावं लागलेल्या, आता कायमच्या झोपलेल्या माझ्या मित्रांना, आम्ही तुम्हाला विसरत नाही. आणि खाली लिहिलंय, दाखाउ, 1933/34.

हे साल पुन्हा एकदा वाचा. दाखाउबद्दल आम्हाला माहीतच नव्हतं, असं युद्धानंतर कितीतरी जर्मन माणसं म्हणाली. आणि हा 1934 सालीच ते नाव स्वरलिपीच्या पहिल्या पानावर लिहून मोकळा झाला होता. ही रचना 1935 मध्ये प्राग शहरात शेर्खेननं सादर केली.

आता तुम्ही विचाराल, मग तो देश सोडून का नाही गेला? ज्यांना जावं लागलं ते गेले. संगीतकार शोनबर्ग अमेरिकेत गेला, कुर्ट वाइल गेला. कार्ल्सबादचा संगीतकार वाल्टर काउफमान तर 1934 मध्ये थेट मुंबईत आला. आकाशवाणीची ती पहाटेची धून, जी ऐकून आपल्या कितीतरी घरांत चहाचं आधण चढायचं, ती त्याच्याच नावावर आहे. हार्टमान ज्यू नव्हता, त्याच्यावर जिवावरचं संकट थेट नव्हतं. तो राहिला. बायको एलिझाबेथ, लहान मुलगा, आणि सासुरवाडीचा आर्थिक आधार. तो आधार नसता तर हे व्रत टिकलं असतं का, हा प्रश्न मला पडतो. शौर्याच्या गोष्टी सांगताना आपण घर कुणी चालवलं ते सांगायचं विसरतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

या काळात त्यानं लिहिणं मात्र एक दिवस सोडलं नाही, असं त्या कागदांचा ढीग पाहून वाटतं. ‘सिंप्लिसिउस सिंप्लिसिसिमुस’ हा ऑपेरा लिहिला, सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धाची गोष्ट. सुरुवातीलाच निवेदन येतं: 1618 साली जर्मनीत एक कोटी वीस लाख माणसं होती, 1648 साली उरली चाळीस लाख. लिहिलंय 1934 ते 36 मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या आधी. आणि त्यात एक ज्यू धार्मिक गीताची चाल गुंफलेली आहे. ती चाल त्याच्या इतर रचनांतही पुन्हा पुन्हा येते. मंचावर हा ऑपेरा यायला 1949 उजाडलं.

आता सुरुवातीला ऐकवलेल्या रचनेकडे येऊ. तिचं आजचं नाव ‘कॉन्चेर्तो फ्युनेब्रे’, म्हणजे शोककॉन्चेर्तो. कॉन्चेर्तो म्हणजे एक मुख्य वाद्य आणि त्याच्यासोबत ऑर्केस्ट्रा. 1959 मध्ये त्यानं तिच्यावरून पुन्हा हात फिरवला, आज वाजते ती ही आवृत्ती. साधारण वीस मिनिटांची, चार भाग, मध्ये न थांबता.

(पडद्यावर पहिल्या भागाची स्वरलिपी.)

पहिला भाग अगदी छोटा. व्हायोलिन एक ओळ म्हणतं, ऑर्केस्ट्रा उत्तर देतो, पुन्हा व्हायोलिन. ही ओळ त्यानं स्वतः रचलेली नाही. पंधराव्या शतकातल्या हुसपंथी, म्हणजे धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायी, चेक योद्ध्यांचं हे समूहगीत, ‘देवाचे सैनिक हो’ अशा अर्थाचं. चेक माणसाला ही चाल आपल्या रक्तातली वाटते, चेक संगीतकार स्मेतानानंही ती वापरली. आता काळ जुळवा. सप्टेंबर 1938 मध्ये चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडायचा करार झाला, तोही हार्टमानच्याच म्युनिक शहरात. मार्च 1939 मध्ये जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरलं. त्याच प्रागमध्ये, जिथे ‘मिझेराए’ वाजली होती. आणि त्याच वर्षी हा म्युनिककर चेकांचं गाणं व्हायोलिनच्या तोंडी देतो. शब्द नाहीत, पण ज्याला चाल ओळखता येते त्याला सगळं कळतं.

दुसरा भाग संथ. आपल्या कानाला मींडेची सवय असते, त्यामुळे इथलं व्हायोलिन आपल्याला पटकन जवळचं वाटेल. पण आलापासारखा विसावा शोधू नका, तो मिळणार नाही. सूर एका जागी टेकतोय असं वाटतं आणि खालचे स्वर त्याला टेकू देत नाहीत. तिसरा भाग संतापाचा, सरळ सरळ. गज तारांवर आपटतो म्हणा ना. कितीही चांगला वादक असो, इथे घाम फुटतो.

आणि मग चौथा भाग, माझ्या मते सगळ्या रचनेचा गाभा. मंद पावलांची मिरवणूक. पुन्हा एक उसनं गाणं, या वेळी रशियन. 1905 च्या क्रांतीतल्या मृतांच्या अंत्ययात्रेत म्हटलं जाणारं. पहिल्या महायुद्धात रशियात कैदेत असलेल्या एका जर्मन तरुणानं ते जर्मन भाषेत आणलं. तो तरुण म्हणजे हेर्मान शेर्खेन. सांगितलं होतं ना, नाव लागेल. पुढे रशियन संगीतकार शोस्ताकोविचनं आपल्या अकराव्या सिंफनीत, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीच्या मोठ्या रचनेत, हीच चाल घेतली, म्हणून ती ऐकताना काहींना ओळखीची वाटेल.

इथे एकदा हेडफोन लावून ऐका. चालीतली कडवी ऑर्केस्ट्रा म्हणतो, आणि दोन कडव्यांच्या मधल्या जागेत व्हायोलिन एकटं बोलत राहतं.

1942 मध्ये तो व्हिएन्नाजवळ अंटोन वेबर्न या संगीतकाराकडे शिकायला गेला. सदतीस वर्षांचा, अर्धा डझन मोठ्या रचना लिहिलेला माणूस पुन्हा विद्यार्थी झाला. राजकारणावर गुरुशिष्यांचं पटलं नाही. पण एकेक स्वर तोलून ठेवायचा कसा, ते तो तिथे शिकला.

एप्रिल 1945. तो सासुरवाडीच्या घरी, श्टार्नबेर्ग तलावाकाठी राहत होता. अमेरिकन सैन्य जवळ आल्यावर एसएसनं, म्हणजे छळछावण्या चालवणाऱ्या नाझी दलानं, दाखाउचे हजारो कैदी दक्षिणेकडे पायी हाकलले. तो रस्ता या घराजवळून जात होता. 27 आणि 28 एप्रिलला हार्टमाननं ती रांग पाहिली. त्यानंतर लिहिलेल्या पियानो सोनाटाचं नाव आहे ‘27 एप्रिल 1945’, आणि वर त्याची टीप आहे. रांग संपत नव्हती, हाल संपत नव्हते, दुःख संपत नव्हतं, असं तीनदा एकच शब्द वापरून लिहिलेलं. तिसरा भाग शोकयात्रेचा. पियानोच्या खालच्या पट्ट्यांतून पावलं येतच राहतात. दोनच दिवसांनी, 29 तारखेला, दाखाउ मुक्त झालं. ही सोनाटा त्यानं हयातीत जाहीरपणे सादर होऊ दिली नाही.

युद्ध संपलं तेव्हा ज्याच्या अंगावर एकही डाग नाही असा हा दुर्मीळ जर्मन संगीतकार होता. अमेरिकनांनी त्याला म्युनिकच्या ऑपेरात जबाबदारी दिली. बारा वर्षांचे कागद साठलेले. आता माझं वाजवा, असं तो म्हणाला असता तर कुणी हरकत घेतली नसती. त्यानं काय केलं? ऑक्टोबर 1945 मध्ये, ढिगाऱ्यांनी भरलेल्या शहरात, ‘मुझिका व्हिवा’ नावाची मैफलमाला सुरू केली आणि तिथे इतरांना वाजवलं. स्ट्राविन्स्की, बार्टोक, शोनबर्ग, हिंडेमिट. म्युनिकच्या तरुणांनी ही नावं बारा वर्षं फारशी ऐकली नव्हती. पुढे हेन्झे, नोनो अशा नव्या संगीतकार पोरांना त्यानं उभं केलं. ही मालिका आजही चालू आहे.

मधल्या काळात त्यानं जुन्या रचना मोडून नव्यानं बांधल्या. त्याच्या आठ सिंफनींपैकी बऱ्याच या अशाच पुनर्बांधणीतून आल्या आहेत. पहिलीत अमेरिकन कवी व्हिटमनच्या कविता आहेत आणि तिचं उपशीर्षक ‘एका रेक्विएमचा प्रयत्न’, रेक्विएम म्हणजे मृतांसाठीचं प्रार्थनासंगीत. नवखे असाल तर ‘कॉन्चेर्तो’ नंतर हीच ऐका. आठवी मात्र घाईत ऐकू नका.

शेवटची रचना ‘गेसांग्सत्सेने’, बॅरिटोन, म्हणजे मध्यम-खालच्या पट्टीचा पुरुष गायक, आणि ऑर्केस्ट्रासाठी. शब्द फ्रेंच नाटककार जिरोदूच्या ‘सोडोम आणि गोमोरा’मधले. सुरुवात एकट्या बासरीनं. मग एका साम्राज्याचा अंत कसा येतो ते गायक सांगत जातो. हार्टमानला पोटाचा कर्करोग झाला होता. 5 डिसेंबर 1963 ला तो गेला, वय 58, आणि रचना शेवटच्या काही ओळींआधी थांबली.

1964 मध्ये फ्रँकफर्टला डीट्रिश फिशर-डीस्काउ ती गायला. राहिलेल्या ओळींना दुसऱ्या कुणी चाल लावली नाही. वाद्यं थांबतात आणि गायक त्या ओळी नुसत्या बोलून दाखवतो.

(काळा पडदा. तो शेवटचा अर्धा मिनिट, मूळ आवाजात.)